अरण्याचा राखणदार : शिको मेंडेस

दक्षिण अमेरिका खंडाच्या उत्तर भागात ॲमेझॉन या महानदीचे खोरे पसरले आहे. जगातील सर्वांत विस्तीर्ण वर्षावन याच खोऱ्यात असून त्याचा निम्म्याहून अधिक भाग ब्राझील या देशात येतो. नकाशावर हे अरण्य म्हणजे केवळ एक हिरवा पट्टा दिसतो. तेथे कोणी राहत नसावे, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात मात्र आदिवासींच्या अनेक जमाती हजारो वर्षांपासून येथे नांदत आल्या आहेत. पुढच्या काळात पोटासाठी आलेले श्रमिकही येथेच स्थिरावले. अरण्य तुटले की या साऱ्यांच्या घरांवर, अन्नावर आणि जीवनरीतीवर घाला येतो. ही गोष्ट ज्यांनी साऱ्या जगाच्या ध्यानात आणून दिली, ते शिको मेंडेस कोणी शास्त्रज्ञ नव्हते, की पदवीधरही नव्हते. रबराच्या झाडांचा चीक काढून पोट भरणारे ते एक कष्टकरी होते आणि त्यांची अक्षरांशी ओळखदेखील शाळेच्या बाकावर झालेली नव्हती.

ब्राझीलच्या पश्चिम टोकाला, बोलिव्हिया आणि पेरू या देशांच्या सीमेलगत आक्रे नावाचे राज्य आहे. तेथील शापुरी या लहानशा गावाजवळच्या रबराच्या रानात १५ डिसेंबर १९४४ रोजी शिको यांचा जन्म झाला. त्यांचे पूर्ण नाव फ्रान्सिस्को आल्वेस मेंडेस फिल्यो. ‘शिको’ हे फ्रान्सिस्कोचे घरगुती रूप. त्यांचे कुटुंब मूळचे ईशान्य ब्राझीलमधील सेआरा या दुष्काळी प्रांतातले. दुष्काळाने गांजलेली अशी हजारो कुटुंबे रबराच्या आशेने ॲमेझॉनच्या रानात येऊन राहिली होती.

रबराचे झाड हे मुळात या अरण्याचेच अपत्य. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगात रबराची मागणी वाढली आणि या रानात सुबत्ता आली. परंतु १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने या झाडाचे हजारो बी लंडनला नेले. त्यातून तयार झालेली रोपे श्रीलंका व मलाया येथे रुजली. आज केरळात दिसणारे रबराचे मळे याच जातीच्या झाडांचे आहेत. आशियातील मळ्यांचे स्वस्त रबर बाजारात येताच ॲमेझॉनची भरभराट ओसरली. मालक श्रीमंत होऊन गेले होते. मागे राहिले ते चीक काढणारे मजूर आणि त्यांच्या डोक्यावरचे कर्ज.

या मजुरांचे जीवन अत्यंत कष्टाचे होते. पहाट होण्यापूर्वीच ते घर सोडत. काळोख्या रानातून चालताना दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून ते कपाळावर एक दिवा बांधत. त्याला ‘पोरोंगा’ असे नाव होते. एकेका पायवाटेवर शंभर ते दोनशे झाडे असत. प्रत्येक झाडाच्या सालीवर बेताने चीर द्यायची, चिरेखाली वाटी बसवायची आणि दुपारी पुन्हा त्याच वाटेने फिरून साचलेला चीक गोळा करायचा, असा त्यांचा नित्यक्रम होता. चीर खोल गेली तर झाड दुखावते, हे प्रत्येकाला ठाऊक होते. झाड जगले तरच आपण जगू, हे शहाणपण त्यांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. पावसाळ्यात ते रानातील ब्राझील नट नावाची कठीण कवचाची फळे वेचत.

शिको नऊ वर्षांचे असताना वडिलांबरोबर या कामावर जाऊ लागले. शाळेचा प्रश्नच नव्हता. रबराच्या रानांचे मालक आपल्या हद्दीत शाळा उघडू देत नसत आणि त्यामागे त्यांचा हिशेब होता. मजुराने गोळा केलेले रबर मालकालाच विकले पाहिजे आणि मीठ, तेल, कापड, हत्यारे मालकाच्याच दुकानातून घेतली पाहिजेत, असा तेथील दंडक होता. रबराचे वजन कमी धरले जाई, मालाची किंमत मात्र अवाच्या सवा लावली जाई. वर्षाच्या शेवटी खतावणी उघडली की मजुराच्या नावावर काही ना काही बाकी निघेच. ज्याला अक्षरे आणि आकडे कळत नाहीत, तो या बाकीला आव्हान देऊ शकत नसे. बाप कर्जात मरे आणि मुलगा कर्जातच कामाला लागे. मजूर साक्षर झाला तर ही खतावणी वाचेल, हीच मालकांची भीती होती.

शिको यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते किशोरवयात. रानातील एका झोपडीत एउक्लिदेस फेर्नांदेस तावोरा नावाचे गृहस्थ एकटेच राहत. पूर्वी त्यांनी शासनाविरुद्धच्या बंडात भाग घेतला होता, त्यामुळे ते सरहद्दीवरील या दुर्गम रानात दडून राहिले होते. त्यांच्या हातात शिको यांना वर्तमानपत्र दिसले आणि कागदावरच्या त्या काळ्या खुणांविषयी त्यांच्या मनात कुतूहल जागे झाले. तावोरा यांनी शिकवण्याची तयारी दाखवली. आठवडाभर काम करून शनिवार-रविवारी शिको तीन तास रान तुडवत त्या झोपडीत जाऊ लागले. पाटी-पुस्तक नव्हते, जुनी वर्तमानपत्रे हीच त्यांची बालभारती ठरली. पुढे रेडिओ आला. एकच घटना निरनिराळ्या देशांची केंद्रे कशी निरनिराळी सांगतात, हे गुरुशिष्य रात्री उशिरापर्यंत ऐकत. वाचलेले आणि ऐकलेले पारखून घ्यावे, हा धडा शिको तेथे शिकले. एकटा मजूर काही करू शकत नाही, पुढेमागे मजुरांच्या संघटना उभ्या राहतील आणि तेव्हा त्यांत सामील व्हावे, हा गुरूचा उपदेशही त्यांनी मनाशी जपून ठेवला.

या संघटनांची गरज लवकरच भासली. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्करी राजवट आली. ॲमेझॉनचे अरण्य हे रिकामे पडलेले धन आहे, त्यात रस्ते काढून, बाहेरची माणसे वसवून आणि गुरांची कुरणे तयार करून देशाची भरभराट करावी, असे या राजवटीचे धोरण होते. १९७० नंतर कुरणांसाठी करसवलती आणि स्वस्त कर्जे मिळू लागली. आक्रेमधील रबराची रानेही दक्षिणेकडच्या धनिकांनी विकत घेतली. जमीन विकली गेली, तेव्हा तीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. यांत्रिक करवती आल्या, झाडे आडवी झाली आणि कोरड्या ऋतूत रानाला आगी लावण्यात आल्या. अनेक मजूर कुटुंबे बोलिव्हियात गेली. इतर अनेकांनी रिओ ब्रांको या राजधानीच्या झोपडपट्ट्यांचा आश्रय घेतला. आदिवासींची स्थिती याहून बिकट होती. ज्या भूमीवर त्यांच्या पूर्वजांची वस्ती होती, तिचा कोणताही कागद त्यांच्याजवळ नव्हता.

१९७५ मध्ये ब्रासिलेइया या गावी ग्रामीण श्रमिकांची संघटना स्थापन झाली आणि लिहिता-वाचता येणारे शिको तिचे चिटणीस झाले. १९७७ मध्ये शापुरी येथेही अशी संघटना उभी राहिली. संघटनेचे नेते विल्सन पिन्येइरो आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये प्रतिकाराचा एक नवा मार्ग शोधला. त्याला ‘एम्पाते’ असे म्हणत. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ बरोबरी किंवा कोंडी असा होतो. एखाद्या ठिकाणी रान तोडणे सुरू झाल्याची वार्ता आली की आसपासची सारी कुटुंबे एकत्र जमत. स्त्रिया आणि मुले पुढे चालत. तोडीच्या जागी जाऊन ते सर्वांना वेढा घालत, तंबू उतरवत आणि करवती चालवणाऱ्या मजुरांना समजावून माघारी पाठवत. हे मजूरही बहुधा रानातून हुसकावलेलेच असत. म्हणून त्यांना शत्रू मानू नये, असा शिको यांचा आग्रह असे.

प्रत्येक वेळी यश येत नसे. त्यांनी स्वतः मांडलेल्या हिशेबानुसार अशा ४५ प्रयत्नांपैकी ३० फसले आणि १५ यशस्वी झाले. पुष्कळांना तुरुंगवास घडला, मारहाण सोसावी लागली. तरीही या पंधरा विजयांनी लाखो हेक्टर अरण्य उभे राहिले.

२१ जुलै १९८० रोजी विल्सन पिन्येइरो यांची संघटनेच्या कार्यालयातच गोळ्या घालून हत्या झाली. मारेकऱ्यांना पकडण्यासाठी हालचाल झाली नाही. संतापलेल्या काही मजुरांनी एका कुरणाच्या व्यवस्थापकाला ठार मारले. तेव्हा मात्र पोलिसांनी तत्काळ धरपकड करून मजुरांचा छळ केला. एका खुनाला एक न्याय आणि दुसऱ्या खुनाला दुसरा, हे सर्वांनी पाहिले. शिको यांच्यावरही राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली खटला भरण्यात आला. पुढे ते त्यातून निर्दोष सुटले. सूडाच्या मार्गाने आपलीच माणसे चिरडली जातात, हे त्यांनी ओळखले आणि शस्त्र न उचलता संघटन वाढवण्याचा निर्धार केला.

संघटन वाढवायचे तर खतावणी वाचता आली पाहिजे, हे त्यांच्याइतके कोण जाणणार? १९८१ पासून मानवशास्त्रज्ञ मारी आलेग्रेती आणि इतर सहकाऱ्यांच्या मदतीने रबराच्या रानांत प्रौढांसाठी व मुलांसाठी शाळा सुरू झाल्या. तेथील वाचनपाठाच्या पुस्तकाला ‘पोरोंगा’ हेच नाव देण्यात आले. पहाटेच्या काळोखात वाट दाखवणारा कपाळावरचा दिवा आता अक्षरांचा दिवा झाला. या पुस्तकातील शब्द मजुरांच्या रोजच्या जीवनातले होते, म्हणून ते त्यांना परके वाटले नाहीत. हळूहळू मजूर स्वतः रबर मोजू लागले, दर विचारू लागले आणि मधल्या दलालांना टाळून सहकारी पद्धतीने माल विकू लागले.

परंतु अरण्य वाचवायचे तर एवढे पुरेसे नव्हते. तोड थांबवल्यावर त्या भूमीचे काय करायचे, हा प्रश्न होताच. मजुरांना तुकडे पाडून जमीन वाटावी, असे काहींना वाटे. पण रबराची झाडे रानात विखुरलेली असतात. लहान तुकड्यावर त्या वाटा मावणार नव्हत्या, आणि तुकडा मालकीचा झाला की तो विकलाही जाऊ शकत होता. १९८५ च्या ऑक्टोबर महिन्यात राजधानी ब्रासिलिया येथे देशभरातील शंभराहून अधिक रबरकामगार प्रथमच एकत्र आले. त्यांतील अनेकांनी मोठे शहर कधी पाहिलेही नव्हते. याच बैठकीतून त्यांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि एक नवी कल्पना पुढे आली. जमिनीची मालकी शासनाकडे राहावी, ती कोणालाही विकता येऊ नये; मात्र तेथे राहणाऱ्यांना चीक, फळे आणि इतर वनोपज घेऊन जगण्याचा सामूहिक हक्क असावा, अशी ही ‘उपजीविका राखीव वना’ची कल्पना होती. तिचे मूळ आदिवासींसाठी राखलेल्या भूमीच्या व्यवस्थेत होते.

या ठिकाणी एका जुन्या जखमेला सामोरे जाणे भाग होते. रबराच्या भरभराटीच्या काळात मालकांनी आदिवासींच्या वस्त्यांवर सशस्त्र टोळ्या धाडल्या होत्या. त्या टोळ्यांतील बंदुका पुष्कळदा गरीब मजुरांच्याच हाती दिलेल्या असत. आक्रेमधील हुनी कुइन आणि इतर अनेक जमातींनी त्यात आपली माणसे आणि भूमी गमावली होती. त्यामुळे रबरकामगार आणि आदिवासी एकमेकांकडे पिढ्यान्‌पिढ्या संशयाने पाहत आले होते. आपल्या दोघांना एकमेकांवर सोडणारा मालक एकच होता आणि आज आपल्या दोघांच्या घरावर चालून येणारी करवतही एकच आहे, हे शिको यांनी आपल्या लोकांना पटवून दिले. आदिवासी नेते आइल्तोन क्रेनाक यांच्यासारख्यांनीही हात पुढे केला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘अरण्यवासी जनांची आघाडी’ आकाराला आली. कालचे वैरी एका बाजूला उभे राहिले, हे शिको यांच्या कार्याचे सर्वांत मोठे फळ मानावे लागेल. याच काळात, १९८८ मध्ये, ब्राझीलची नवी राज्यघटना संमत झाली आणि आदिवासींचा त्यांच्या पारंपरिक भूमीवरील हक्क तिने मान्य केला.

आक्रेच्या शेजारी रोंदोनिया हे राज्य आहे. तेथे जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा महामार्ग पक्का करण्यात आला. १९८४ मध्ये तो पूर्ण होताच बाहेरच्या लोकांचे लोंढे आले आणि दोन्ही बाजूंचे अरण्य झपाट्याने नष्ट झाले. तेथील सुरुई जमातीचा बाहेरच्या जगाशी संबंध १९६९ मध्येच आला होता. गोवरासारख्या साथींनी त्यांची बहुसंख्य माणसे आधीच दगावली होती आणि आता उरलेल्यांच्या भूमीत वसाहतवाले शिरले. हाच रस्ता पुढे आक्रेपर्यंत नेण्यासाठी आंतरअमेरिकी विकास बँक कर्ज देणार होती. १९८७ मध्ये शिको अमेरिकेतील मायामी येथे या बँकेच्या वार्षिक सभेच्या ठिकाणी गेले. तेथील मोठ्या अधिकाऱ्यांना त्यांनी रस्त्याच्या परिणामांची जाणीव करून दिली. रस्त्याला त्यांचा सरसकट विरोध नव्हता. रस्ता व्हावा, पण तेथे आधीपासून राहणाऱ्यांना चिरडून होऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. या रस्त्याला मिळणारा पैसा काही काळ रोखला गेला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ‘ग्लोबल ५००’ हा सन्मान देऊन त्यांचा गौरव केला.

परदेशांत त्यांचे कौतुक होत असताना गावी मात्र त्यांचे वैरी वाढत होते. विकासाचा शत्रू अशी त्यांची संभावना करण्यात आली. ते राज्याच्या विधानसभेच्या निवडणुकीत उभे राहिले, तेव्हा पराभूत झाले. १९८८ मध्ये एका जमीनदाराने काशोएइरा हे रान खरेदी केल्याचे सांगून तोड करण्याचा प्रयत्न केला. हे शिको यांच्या लहानपणापासूनच्या ओळखीचे रान होते. तेथील कुटुंबांनी वाट अडवली आणि शासनाला ते रान ताब्यात घेऊन कामगारांसाठी राखून ठेवावे लागले. त्या जमीनदारावर दुसऱ्या राज्यात खुनाच्या आरोपाखाली अटकेचा हुकूम निघालेला होता. तो शिको यांनी मिळवून अधिकाऱ्यांपुढे ठेवला. परंतु अंमलबजावणी वेळेवर झाली नाही. आपल्या जिवावर बेतले आहे, हे त्यांनी वरिष्ठांना वारंवार कळवले होते.

२२ डिसेंबर १९८८ ची संध्याकाळ होती. शापुरीतील त्यांच्या लहानशा लाकडी घरात पत्नी आणि दोन लहान मुले होती. संरक्षणासाठी नेमलेले दोन पोलीस स्वयंपाकघरात डॉमिनोचा डाव मांडून बसले होते. स्नानासाठी मागच्या अंगणात जायला शिको यांनी खांद्यावर टॉवेल टाकला आणि दार उघडले. अंधारातून बंदुकीचा बार झाला आणि ते घरातच कोसळले. आठवडाभरापूर्वीच त्यांना चव्वेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती.

त्या काळी ब्राझीलमध्ये भूमीच्या झगड्यात शेकडो माणसे मारली जात आणि बहुतेकांचे खटलेही उभे राहत नसत. शिको यांच्या हत्येची बातमी मात्र जगभर पोहोचली. १९९० च्या डिसेंबर महिन्यात तो जमीनदार आणि त्याचा मुलगा यांना न्यायालयाने प्रत्येकी एकोणीस वर्षांची शिक्षा ठोठावली. त्याच वर्षी मार्चमध्ये शापुरीच्या परिसरातील सुमारे साडेनऊ लाख हेक्टर अरण्य ‘शिको मेंडेस उपजीविका राखीव वन’ म्हणून घोषित झाले. पुढे देशात अशी साठाहून अधिक क्षेत्रे निर्माण झाली. समुद्रकिनाऱ्यावरील मच्छीमारांनाही या व्यवस्थेचा आधार मिळाला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय जैवविविधता संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्याबरोबर एम्पातेत चाललेल्या आणि वयाच्या सोळाव्या वर्षी अक्षरे शिकलेल्या मारिना सिल्वा २००३ मध्ये देशाच्या पर्यावरणमंत्री झाल्या. २००४ मध्ये ब्राझीलच्या ॲमेझॉनमधील सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर अरण्य तोडले गेले होते. शासनाच्या कडक देखरेखीमुळे २०१२ मध्ये हा आकडा सुमारे ४,६०० पर्यंत खाली आला.

हा लढा संपलेला नाही. देखरेख सैल होताच २०२१ मध्ये तोड पुन्हा १३,००० चौरस किलोमीटरच्या वर गेली. रबराला भाव नसल्याने शिको यांच्या नावाच्या राखीव वनातही काही कुटुंबे गुरे पाळू लागली आणि तेथेही कुरणे पसरली. झाड उभे ठेवणाऱ्याचे पोट भरले नाही, तर केवळ कायद्याने झाड उभे राहत नाही, हेच यावरून दिसते. दुसरीकडे, उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांत आदिवासींच्या मान्य झालेल्या भूमी सभोवतालच्या उजाड प्रदेशात हिरव्या बेटांसारख्या उठून दिसतात.

अरण्य वाचवायचे तर माणसांना त्यातून बाहेर काढावे, असे पुष्कळांना वाटे. अरण्यात राहून त्यावर जगणाऱ्यांचा हक्क मान्य केला, तर तेच त्याचे राखणदार होतात, हे शिको मेंडेस यांनी दाखवून दिले. मालकाच्या खतावणीत कायम देणेकरी ठरलेल्या मजुराच्या मुलाने तीन तासांची रानवाट तुडवून अक्षरे मिळवली, आणि त्या अक्षरांच्या बळावर आपल्या लोकांचे येणे किती आहे, ते जगाला वाचून दाखवले.